तीन नंबरचा एक्झॉस्ट आणि भंगारात गेलेला पत्रा

1967 सालची फोक्सवॅगन बीटल, 1300 चं एअर-कूल्ड इंजिन. माझगावच्या आमच्या गॅरेजात ती टो होऊन आली तेव्हा तक्रार एवढीच होती की चढावर दम नाही आणि आयडलला इंजिन थडथडतं. सोबत सर्व्हिसची वही होती. ती वही कोणी नीट वाचली असती तर गाडी टो करायची वेळ आली नसती.

वहीत दर सर्व्हिसला तीच नोंद: तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, म्हणजे क्लिअरन्स) घट्ट, 0.15 मिमीवर सेट केलं. बाकीचे सात व्हॉल्व्ह जागच्या जागी. एकाच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर त्याचे दोनच अर्थ निघतात: सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) आत बसत चाललीय किंवा तापून व्हॉल्व्हची मान ताणली जातेय. क्लिअरन्स वाढत गेलं तर गोष्ट वेगळी, तिथे हेडचा स्टड (हेड धरून ठेवणारा लांब बोल्ट) इंजिनाच्या केसमधून उपटून यायला लागलेला असतो. दोन्हीत टॅपेट सेट करून गाडी सोडून देणं म्हणजे तापमापक झटकून ताप उतरवण्यासारखं आहे. मान ताणलेला व्हॉल्व्ह एक दिवस तुटतो आणि त्याचं डोकं पिस्टन फोडून जातं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजून घेतलं. तीन सिलिंडर 100 पीएसआयच्या आसपास, तीन नंबर 40. स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरल्यावर सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली, म्हणजे रिंग नव्हे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच. मालक म्हणाले, "मिस्त्री, नवे पिस्टन-सिलिंडर टाकूनच घ्या ना." पण त्यांनी सांगितलेल्या रकमेत तो संच आणि केसचं काम, दोन्ही बसत नव्हतं. शिवाय हेच इंजिन दुसऱ्या एका गॅरेजात नुकतंच बांधलेलं होतं. नव्याने बांधलेल्या इंजिनाचा व्हॉल्व्ह इतक्या लवकर का जळावा, हे कळल्याशिवाय आत पैसा घालण्यात अर्थ नव्हता.

इंजिन खाली उतरल्यावर कारण दिसलं. दोन सिलिंडरच्या मध्ये, खालच्या बाजूने स्टडवर अडकणारा छोटा डिफ्लेक्टर पत्रा दोन्ही बाजूंना नव्हता. इंजिनाच्या पत्र्याभोवती बॉडीला टेकणारं रबरही नव्हतं. बहुधा 'उरलेला पत्रा' म्हणून भंगारात गेला असणार. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. पंखा हवा खाली ढकलतो आणि पत्रे ती सिलिंडरच्या पंखांना चिकटून जायला लावतात. डिफ्लेक्टर नसेल तर हवा मधल्या फटीतून सरळ निघून जाते. रबर नसेल तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा वर ओढतो. त्यात तीन नंबरचं नशीब मुळातच वाईट. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या घराच्या आतच, त्याच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तीन नंबरला कोमट हवा मिळते. 1971 च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूच्या वेगळ्या घरात हलवला. तो बदल या गाडीवर करता येतो, पण त्यासाठी पंख्याच्या घरापासून पंख्यापर्यंत बरंच बदलावं लागतं. म्हणून तो विचार सोडला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असा पत्रा मिळण्याची आशा नव्हती. दुसऱ्या बीटलचा पत्रा नमुन्याला घेऊन 1 मिमी पत्र्यातून दोन्ही बनवून घेतले. जाळरोधक रबर पट्टी आणि नट-वॉशर नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. सगळ्या कामात हा खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त.

हेडमध्ये तीन नंबरच्या सीटपासून प्लगच्या भोकाकडे चीर गेलेली नाही, हे रंग टाकून तपासलं. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे. इथे जुन्यावर बचत करू नये. इनटेक घासून पुन्हा बसवले. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ब्रॉन्झमधून लेथवर काढून घेतले. हेड कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकायचं नाही हे मशीनशॉपला बजावून सांगावं लागतं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. केस मॅग्नेशियमची आहे. ती रॉकेल आणि ब्रशने धुवायची, अॅसिड जवळही आणायचं नाही.

बोअर मोजले. पिस्टनची फट 0.20 मिमीच्या मर्यादेच्या बरीच आत होती. म्हणून फक्त होनिंग (बोअर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगा, टोकाची फट 0.30 ते 0.45 मिमी. वाचलेला पैसा केसमध्ये गेला, कारण दोन स्टडचे आटे गेलेले होते. 10 मिमीच्या स्टडसाठी बाहेरून 14 मिमीचे स्टीलचे इन्सर्ट (आटे पाडलेल्या नळ्या) सगळीकडे बसवले, फक्त गेलेल्या दोन जागी नाही. उरलेले पुढच्या उन्हाळ्यात निघालेच असते. ड्रिल करताना मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो, आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. ड्रिलशेजारी कोरड्या वाळूची बादली हवीच.

क्रँकला ग्राइंडिंगची गरज नव्हती. बेअरिंग बसवताना डॉवेल पिन (बेअरिंग जागेवर धरणारी खुंटी) भोकात बसल्यावर केसच्या कडेशी बेअरिंगवर पेन्सिलची रेघ मारायची. केस बंद करताना रेघ सरकलेली दिसली तर थांबायचं, नाहीतर पिन बेअरिंग चिरडते. कॅम गिअरचा ठिपका क्रँक गिअरच्या दोन ठिपक्यांमध्ये. केसच्या दोन भागांत गॅसकेट नाही. पातळ सीलंट लावायचा. सिलिकॉन नको, त्याचे धागे तेलाच्या जाळीत अडकतात. 12 मिमीच्या स्टडचे नट 34 न्यूटन-मीटर, 8 मिमीचे 20, आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा.

क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) सगळ्यांत वेळखाऊ. सील न लावता दोन शिम (पातळ चकत्या) घालून फ्लायव्हील कसलं, डायल गेजवर 0.42 मिमी आलं. त्यातून हवा असलेला 0.10 वजा केला, म्हणजे तिसरा शिम 0.32 चा. शिम नेहमी तीनच. फ्लायव्हीलच्या 36 मिमी नटला सुमारे 300 न्यूटन-मीटर ताण लागतो. एवढा मोठा टॉर्क पाना नसेल तर एक मीटरचा पाइप आणि टोकाला तीसेक किलो जोर, ढोबळ हिशोबाने पुरतं.

पुशरॉड ट्यूब (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्यांच्या नळ्या) 190 मिमीच्या पुढे ओढून घेतल्या, म्हणजे सील दाबून बसतात आणि तेल गळत नाही. हेडचे नट आधी 10, मग 32 न्यूटन-मीटर. तेल अडीच लिटर. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट 0.4 मिमी, टायमिंग टेस्ट लॅम्पवर पिस्टन वर पोचण्याच्या 7.5 अंश आधी.

पाचशे किलोमीटरनंतर, खंडाळ्याचा घाट धरून, इंजिन रात्रभर थंड करून टॅपेट पाहिले. तीन नंबरचं एक्झॉस्ट 0.15 वरच होतं. तेल बदललं, जाळी स्वच्छ होती. थर्मोस्टॅट (इंजिन थंड असताना हवेच्या झडपा बंद ठेवणारा) मात्र बजेटमध्ये बसला नाही. हवेच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून तारेने बांधल्या आहेत. मुंबईच्या हवेत ते चालतं. मालकांनी मिळाला की बसवायचं ठरवलंय, तोवर सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं चोक थोडा जास्त लागतो.