शेअर फाइल कोणी अडवून ठेवलीय ते शोधताना

११ तारीख म्हणजे आमच्याकडे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची तारीख, आणि नेमकी त्याच सकाळी सेल्स रजिस्टरची एक्सेल उघडेना. उघडत होती तशी, पण फक्त रीड ओन्ली, वर मेसेज की फाइल 'ॲडमिन'ने एडिटिंगसाठी लॉक केली आहे. आता हा ॲडमिन कोण? काँप्युटर बसवणाऱ्याने सगळ्या पीसींवर ऑफिस टाकताना युजरनेम 'ॲडमिन'च देऊन ठेवलेलं, म्हणजे आमच्या ऑफिसात सगळेच ॲडमिन. त्या मेसेजमध्ये जे नाव येतं ते एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जनरलखाली जे लिहिलंय तेच असतं, विंडोजच्या लॉगिनशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

मग नेहमीचं सुरू झालं, अकाउंटमधून हाक, स्टोअरला हाक, "सेल्सची फाइल कोणी उघडलीय का हो, बंद करा जरा". सगळ्यांचं उत्तर एकच, आमच्याकडे नाही. फोल्डरमध्ये हिडन फाइल्स दाखवून बघितलं तर टिल्ड (~) आणि डॉलरने सुरू होणारी छोटी फाइल दिसली, एक्सेलची फाइल कोणी उघडली की आपोआप बनते आणि उघडणाऱ्याचं नाव ठेवते ती, ती नोटपॅडमध्ये उघडली तर आतही ॲडमिनच.

तेव्हा सरळ सर्व्हरवर जाऊन बसलो. सर्व्हर नावालाच, कोपऱ्यातला विंडोज १० प्रोचा पीसी आहे, पण फाइल त्याच्यावर आहे म्हणजे ती कोण वापरतंय ते त्यालाच माहीत असणार, आपल्या पीसीवरून कितीही शोधलं तरी हे कळत नाही. तिथे ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिनने काँप्युटर मॅनेजमेंट उघडलं, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. सेल्सची फाइल दिसली, समोर ओपन मोडमध्ये राइट आणि रीड. हा कॉलम बघायचाच, कारण नुसतं रीडवाले बरेच असू शकतात, अडवून ठेवणारा बहुतेक राइटवालाच. पण ॲक्सेस्ड बायमध्ये सगळ्या ओळींना एकच नाव! सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरला जोडायला सगळ्यांना एकच लॉगिन दिलेलं ना, मग दुसरं काय दिसणार.

इथे पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी, कामाला आलं. रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून गेट-एसएमबीओपनफाइल ही कमांड दिली, नुसती दिली तर काही कॉलम कापले जातात म्हणून पुढे पाइपची उभी रेघ (|) टाकून फॉरमॅट-लिस्ट. मग प्रत्येक उघड्या फाइलचा पूर्ण पाथ, फाइल आयडी आणि मुख्य म्हणजे क्लायंट काँप्युटरचा, म्हणजे फाइल उघडणाऱ्या पीसीचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) असं सगळं आलं. युजर भले एक असू दे, आयपी तरी प्रत्येकाचा वेगळा असतो. तो आयपी एनबीटीस्टॅट कमांडला कॅपिटल ए लावून दिला तर मशीनचं नाव आलं, डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं, म्हणून मग उठून प्रत्येक टेबलावर त्या पीसीचा आयपी बघायला आयपी कॉन्फिग कमांड मारत फिरलो. एकाही टेबलावर जुळेना.

राहिली शेठची केबिन, कुलूपबंद. सर्व्हरवर शेअर्ड फोल्डर्सखालच्या सेशन्समध्ये बघितलं तर त्या आयपीचा आयडल टाइम, म्हणजे काही हालचाल नसलेला वेळ, रात्रीपासूनचा. शेठ चाकणला पार्टीकडे गेलेले. फोन केला तर म्हणतात, "अरे मी नुसती बघितली रे काल, काही बदललं नाही." हे ऐकायचं होतंच मला, कारण सर्व्हरवरून फाइल बंद करता येते, राइट क्लिक करून क्लोज ओपन फाइल, किंवा क्लोज-एसएमबीओपनफाइलला तो फाइल आयडी द्यायचा, पण समोरच्याने सेव्ह न केलेलं काही असेल तर ते जायची भीती असते आणि मग शिव्या आपल्याला. बंद केली, अकाउंटवाल्या ताईंना लगेच एडिटिंगला उघडली. शेठना सांगून ठेवलं की आल्यावर तुमची एक्सेल सेव्ह न करताच बंद करा.

त्या दिवशी संध्याकाळीच सगळ्यांच्या एक्सेलमध्ये खरी नावं टाकली, मिनिटाचं काम. सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळं लॉगिन करायचं बाकी आहे, ते रिटर्नची गडबड संपली की रविवारी बसून करीन, कारण तेव्हा सगळ्यांच्या पीसीवर ड्राइव्ह म्हणून जोडलेले (मॅप केलेले) सर्व्हरचे फोल्डर एकदा तोडून परत जोडायला लागतील.