रंगाच्या थरावर आवळलेलं चाक

पुणे-हैदराबाद महामार्गावरून सोलापुरात आलेल्या त्या जुन्या फोक्सवॅगन टी-3 कॅम्परच्या मागच्या डाव्या चाकातून ठकठक येत होती. पाचही नट हाताने फिरत होते. चालक सांगत होता, हवेच्या गनने कचकचून आवळून घेतलेत. ते खरंच होतं. चाक उतरवल्यावर उलगडा झाला: डिस्कला, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाला, नुकताच रंग दिलेला, आणि हबला (डिस्क ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला) टेकणाऱ्या बाजूवर, नटांच्या बैठकीतसुद्धा जाड थर बसलेला.

नट आवळला की स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि तो ताणच डिस्कला हबवर दाबून धरतो. मध्ये रंग असेल तर ब्रेकच्या उष्णतेने तो मऊ पडतो, चेपतो. स्टड ताणतोच मुळी केसाएवढा, त्यामुळे तेवढा थर दबला तरी पकड गेली.

रंग उघड्या धातूपर्यंत खरवडला, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. आटे साफ करून कोरडेच ठेवले. आट्यांवर ऑइलचं बोट फिरवायची सवय मला मुळीच पटत नाही. पान्याचा बहुतेक जोर घर्षणातच खर्च होतो. घर्षण घटलं की त्याच जोरात स्टड नको इतका ताणतो. इथे एका स्टडवर नट हाताने अर्ध्यापर्यंत जाऊन अडत होता, म्हणजे गनने आटे ओढले होते. तो स्टड बदलेपर्यंत गाडी सोडली नाही. लेथवर साध्या लोखंडाचा स्टड करून बसवणं जिवावरचं काम आहे.

चाक अधांतरी असतानाच सगळे नट हाताने लावले, क्रॉस पान्याने टेकवले. मग टायर जमिनीला लागेल इतपत जॅक उतरवला आणि एक सोडून एक अशा क्रमाने, 1-3-5-2-4, टॉर्क पान्याने (ठरवलेला पीळ आला की खट् करणारा पाना) आधी 90 न्यूटन-मीटर, नंतर 180. अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर 180 म्हणजे टोकाला सुमारे 37 किलोचा जोर. पान्यावर उभं राहून कुणी आवळतं, तेव्हा हा आकडा सहज दुप्पट होतो. पाना सावकाश ओढायचा, खट् झालं की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा खट् करत बसलं तर नट पुढे सरकतच राहतो.

गाडी तुळजापूरला जाऊन परत आणायला सांगितली, साधारण 90 किलोमीटर. चाकं गार झाल्यावर, नट सैल न करता, पुन्हा 180 वर पाना लावला. दोन नट थोडे फिरले, तीन जागचे हलले नाहीत. बाकीच्या तीन चाकांनाही तोच रंग होता, तीही उतरवली.