सैतान ताक घुसळतो तेव्हा

आज दुपारी कोथरूडच्या घरी आई मटार सोलत बसली होती आणि मी लॅपटॉपवर 'हेक्सन' लावला. 1922 सालचा स्वीडिश मूकपट, चेटूक आणि चेटकिणींवरचा. अर्धा माहितीपट, अर्धं नाटक. दिग्दर्शक बेंजामिन क्रिस्टेन्सन डॅनिश, आणि सैतानही त्यानेच रंगवलाय! जीभ बाहेर काढून तो रवी घुसळायला लागला तेव्हा आई म्हणाली, "हा ताक करतोय की काय?" मग मला हसू आवरेना.

पाट्या इंग्रजीत, त्यामुळे मी वाचून सांगत होते. सुरुवातीची जुनी चित्रं, नरकाचे नकाशे वगैरे जरा लांबलं. पण ती म्हातारी आली आणि आईचे हात थांबले. विणकाम करणारी गरीब बाई. घरातला माणूस आजारी पडतो, संशय हिच्यावर. छळ सोसवेना तेव्हा ती सगळं कबूल करते, वर जिने बोट दाखवलं तिच्याच घरच्या बायकांची नावं घेते. "बरं केलं," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "पण आता त्यांनाही मारणार ना?"

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 मध्ये. त्याच वर्षी 20 ऑगस्टला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते.

आईने आज पहिल्यांदाच सांगितलं, तिच्या माहेरी गल्लीच्या टोकाला एक विधवा राहायची. पोरांना तिच्या दारावरून जायची बंदी होती. का, ते कोणीच कधी सांगितलं नाही. "लाडू छान करायची पण," म्हणाली, आणि उरलेले मटार सोलायला घेतले.