तुम्ही विचारलंत म्हणून: फितीवरून लाल मांस कळतं का?

डुकराच्या छातीचा घेर नि लांबी कळवता आणि लगेच विचारता, 'मग लाल मांस, म्हणजे चरबी वगळून उरणारं मांस, किती निघेल?' नाही सांगता येत. फीत वजन सांगते, आणि त्या वजनात चरबीही आली.

वजनापुरती ती चांगलीच आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे घेर, दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3. घेर 1.05 आणि लांबी 1.12 असेल तर साधारण साडेपंच्याऐंशी किलो. फीत तीन सेंटिमीटर सैल राहिली की तेच जनावर साडेनव्वद भरतं, कारण घेराचा वर्ग होतो.

आता याच मापाची दोन डुकरं शेजारी उभी करा. एकाची पाठ टेबलासारखी सपाट, गळ्याखाली लोळ, शेपटीचं बूड भरलेलं. दुसऱ्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस उचललेलं, मधे खाच, मांड्या भरदार. फितीला दोन्ही सारखीच! फरक कातडीखालच्या चरबीत आहे. शेवटच्या बरगडीपाशी, कण्यापासून साडेसहा सेंटिमीटरवर तो अल्ट्रासाउंडने मोजतात: केस कापून, तेल लावून, प्रोब (यंत्राचा अंगाला टेकवायचा भाग) काटकोनात धरून. दाबलात तर चरबी पातळ दिसते. शिवाय चरबीला थर असतात. साधं यंत्र कधी मधल्या पडद्यालाच शेवट समजतं आणि जाड जनावर सडपातळ ठरवतं.

त्या चरबीने किती फरक पडतो? अमेरिकेत धडासाठी, म्हणजे कापून साफ केलेल्या जनावरासाठी, वापरलेलं एक सूत्र घ्या, पौंड-इंचांतलं; त्यातून लाल मांसाचे पौंड निघतात: 8.588, अधिक धडाच्या गरम (थंड करण्याआधीच्या) वजनाची 0.465 पट, वजा दहाव्या बरगडीवरच्या चरबीची 21.896 पट, अधिक तिथल्याच पाठीच्या स्नायूच्या छेदाच्या क्षेत्रफळाची 3.005 पट. धड 185 पौंड, छेद साडेसहा चौरस इंच. चरबी 0.8 इंच असेल तर लाल मांस धडाच्या वजनाच्या 52 टक्के, 1.2 असेल तर साडेसत्तेचाळीस. म्हणजे अडीच मिलिमीटर चरबी वाढली की जवळपास एक किलो मांस गेलं. घेर या सूत्रात कुठेच नाही.

तरी फीत टाकून द्या असं मी म्हणत नाही. जंताच्या औषधाचा डोस वजनावरच ठरतो, आणि दर पंधरवड्याला वाढ पाहायला दुसरं स्वस्त साधन नाही. पाठीची खाच नि गळ्याचा लोळ नजरेने पाहून दोन जनावरांत डावं-उजवंही करता येतं. टक्के मात्र काढता येत नाहीत.

आणि सगळीकडे टक्केच हवेत का? गोव्यात चोरिसाला, म्हणजे तिथल्या डुकराच्या मसालेदार सॉसेजला, चरबी लागतेच. तिथल्या गिऱ्हाइकाला साडेसत्तेचाळीस टक्क्यांचं धड कमी दराने द्यावं, हे मला अजून पटलेलं नाही.