ओला की नुसता गार?

जुलै महिन्यात आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "टॉवेल वाळला का?" दोन दिवस गॅलरीतल्या दांडीवर लोंबकळलेला आणि रात्रभर पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरलेला तो टॉवेल मी सकाळी हाताने चाचपतो आणि अजून ओलाच असल्याचे जाहीर करतो. मग आई स्वयंपाकघरातून येते, त्याची कड दोन बोटांत धरून गालाला लावते, क्षणभर तशीच थांबते आणि म्हणते, "ओला कुठे आहे? गार पडलाय नुसता." बहुतेक वेळा तिचेच खरे निघते.

हाताला जे ओले लागते ते ओले, यात ओळखायचे ते काय, असे मला बरीच वर्षे वाटत असे. परंतु माणसाच्या त्वचेत ओलावा टिपणारी स्वतंत्र यंत्रणाच नाही. मधमाशीच्या आणि झुरळाच्या मिशांवर हवेतला दमटपणा कळण्यासाठी खास संवेदक असतात. आपल्या वाट्याला तेवढेही आलेले नाही. (झुरळाचा हेवा वाटावा असे प्रसंग आयुष्यात थोडेच, पावसाळ्यातले कपडे वाळवणे हा त्यांपैकी एक.) तापमान आणि स्पर्श टिपणारे संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ऊन, गार आणि दाब यांना त्वचेत आपापली दारे आहेत, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. ओलाव्याचे दार मात्र त्यांत नाही.

तरीही पाणी कळते, कारण ते हवेच्या वीसपटीहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, शिवाय वाळता वाळता त्वचेची ऊबही घेऊन जाते. हा गारवा आणि त्याच्या जोडीला कापडाचे अंगाला बिलगणे किंवा बोटाखालून जड सरकणे, एवढ्या सामग्रीवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. बेंटली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोटावर पातळ रबराचे आवरण चढवून ते गार पाण्यात बुडवले जाई, आणि कोरड्या बोटाला आपण भिजलो असे वाटे. रबरी हातमोजे घालून गार पाण्यात भांडी विसळणाऱ्याला मोजा फाटल्याचा जो भास होतो, तो हाच.

उलट बाजूची फसगत मी स्वतः अनुभवली आहे. अर्धवट वाळलेला सदरा इस्त्री करून, तो हाताला छान कोरडा लागल्यावर घडी घालून कपाटात ठेवला, आणि दोन दिवसांनी कपाट उघडले तर कुबट वास. इस्त्रीच्या उबेने गारवा पुसला होता. पाणी धाग्यांत तसेच होते, फक्त बोटांना त्याची वर्दी मिळत नव्हती. 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात अन्नंभट्टाने स्पर्शाचे शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत (ना गरम, ना गार) असे तीनच प्रकार सांगितले आहेत आणि पाण्याचे लक्षण दिले आहे ते 'शीतस्पर्शवत्य आपः' असे. म्हणजे ज्याचा स्पर्श गार, ते पाणी. माझे बोट या लक्षणाला इतके धरून बसते, की उबदार पाण्याला ते पाणी मानायलाच तयार होत नाही.

आईच्या गालाचे रहस्यही इथेच असावे. बारीक पोत ओळखण्यात बोटांच्या टोकांचा हात कोणी धरणार नाही, पण गारव्यातला लहानसा फरक टिपण्यात चेहऱ्याची त्वचा त्यांच्यापेक्षा तरबेज असते. शिवाय आई गालावर थांबत नाही. कापड झटकून त्याचा आवाजही ऐकते. फिनलंडमध्ये यूसमाकी आणि हारी यांनी १९९८ साली दाखवले, की तळहात एकमेकांवर घासताना होणाऱ्या आवाजातल्या उंच पट्टीच्या लहरी वाढवून त्याच वेळी कानांत ऐकवल्या, तर माणसाला आपलीच त्वचा कागदासारखी कोरडी वाटू लागते. मला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण आपण मराठीत कोरडेपणा कानानेच मोजत आलो आहोत. कपडे 'कडकडीत' वाळतात, विहीर 'ठणठणीत' कोरडी पडते, आणि उन्हात घातलेल्या कुरडया परातीत खुळखुळल्याशिवाय त्या डब्यात भरण्याजोग्या झाल्या असे कोणी मानत नाही. ओलाव्याचे शब्द मात्र मुके आहेत: दमट, ओलसर, सादळलेला.

एवढे सगळे कळल्यावर परवा मी टॉवेल गालाला लावून पाहिला. गारवा अजिबात नव्हता, म्हणून वाळल्याचा निकाल देऊन घडी घालायला घेतला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि गालाजवळ न नेता सरळ नाकाजवळ नेला.

"कुठे वाळत घातला होतास?"

"फ्रिजच्या बाजूला. तिथे गरम असतं ना."

तिने टॉवेल एकदा झटकला. जड, बसका आवाज आला. मग काही न बोलता तिने तो पुन्हा गॅलरीतल्या दांडीवर टाकला.