दोन 'अबेट' आणि कुंद्याचे तीन डबे

सराव परीक्षेच्या निकालात एका प्रश्नापुढे लाल फुली होती आणि ती फुली मला मान्यच नव्हती. 'अबेट' या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. मी उत्तर दिलं होतं 'रिड्यूस', म्हणजे कमी होणं. बरोबर उत्तर छापलं होतं 'असिस्ट', म्हणजे मदत करणं. ज्या मोजक्या शब्दांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला असता, त्यांत 'अबेट' पहिला होता. हा शब्द चुकूच शकत नाही, असं मला वाटत होतं. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव येळ्ळूर. राजहंसगडाच्या पायथ्याला, बेळगावच्या दक्षिणेला. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बेळगावात बीकॉम. बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्यायची ठरवली तेव्हा गणिताची भीती नव्हती, कन्नडही लिहिता-वाचता येत होतं. क्लार्कच्या जागेला त्या राज्याची भाषा यावीच लागते, त्यामुळे ती बाजू भक्कम होती. अडत होतं ते इंग्रजी शब्दांवर. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. उताऱ्यातला एक शब्द कळला नाही की त्याच्यावरचे दोन-तीन प्रश्न हातचे जातात.

सुरुवातीला मी यादी पाठ करायचे. रोज 20 शब्द, वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला अर्थ. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचे तीन-चार शब्दच उरलेले असायचे. मैत्रिणींनी शब्द लक्षात ठेवायच्या युक्त्यांच्या झेरॉक्स दिल्या. त्या सगळ्या हिंदीतून होत्या. ज्या हिंदी शब्दाला इंग्रजी शब्द टांगलेला, तोच माझ्या रोजच्या बोलण्यातला नव्हता. खुंटीच परकी असली तर तिला टांगलेलं राहणार कसं?

माझी पहिली स्वतःची युक्ती शेतातून आली. आमची भातशेती बळ्ळारी नाल्याच्या कडेला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला तेव्हा नाल्याचं पाणी शिवारभर पसरलं होतं. लावलेलं भात, बांध, पायवाट, सगळं गढूळ पाण्याखाली. आम्ही रस्त्यावर उभे राहून नुसतं बघत होतो. दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या मधोमध जांभळीच्या झाडाखालचा उंचवटा दिसायला लागला. बाबा म्हणाले, "ते बघ, बेट वर आलं." पाणी ओसरतंय हे आम्हाला त्या बेटावरून कळलं. पुढे यादीत 'अबेट' म्हणजे जोर कमी होणं, ओसरणं असं वाचलं आणि बाबांचं ते वाक्य कानात वाजलं. बेट दिसलं, म्हणजे पूर 'अबेट' झाला. हा शब्द पाठ करावाच लागला नाही.

मग मी घरातच शब्द शोधायला लागले. आमची आज्जी मेथी निवडायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही. एकेक काडी उचलायची, पान उलटून बघायचं, पिवळं पान वेगळं, मातीचं मूळ वेगळं, मधेच आलेलं गवताचं पातं वेगळं. एका जुडीला पाऊण तास. 'मेटिक्युलस', म्हणजे अतिशय बारकाईने काम करणारा, या शब्दावर 'मेथी' लिहिलं आणि आज्जी कायमची त्या शब्दात जाऊन बसली. नंतर कळलं की या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'मेटुस' आहे आणि त्याचा अर्थ भीती. 'मेटिक्युलस'चा जुना अर्थ भित्रा असा होता, बारकाईचा अर्थ पुढे आला. मी आज्जीला विचारलं, एवढं बारीक का बघतेस? ती म्हणाली, "भ्या वाटतंय गं, पोराबाळांच्या पोटात काय तरी जाईल की." दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ तिने सुपातूनच काढून दिला.

बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथ मशीनवर काम करणारे टर्नर आहेत. त्यांना 'लेथर्जी' सांगितला, अर्थ मरगळ, सुस्ती. ते जेवत होते. म्हणाले, "लेथ बंद पडलं की काय होतंय, सांग की." करंट गेला की लेथचं चक फिरता फिरता मंदावतं, जॉब तसाच अडकून राहतो, शेडमधली सगळी माणसं हात पुसून बाकड्यावर बसतात आणि दहा मिनिटांत अर्धे पेंगायला लागतात. ती शेड मी लहानपणापासून पाहिली आहे, त्या तेलाच्या वासासकट. त्यामुळे 'लेथर्जी' हा शब्द मला वासासकट आठवतो. ग्रीक पुराणकथांत 'लीथी' नावाची विस्मरणाची नदी आहे, मेलेली माणसं तिचं पाणी पिऊन मागचं सगळं विसरतात. 'लेथर्जी' त्या विस्मरणातूनच आलेला शब्द. पण मला नदीची गरज पडली नाही. उद्यमबाग पुरली.

'मोरोस' म्हणजे उदास, घुम्या: मोर रुसलाय. 'गलिबल' म्हणजे कुणीही सहज फसवावा असा: गल्लीबोळात ज्याला त्याला गंडवतात तो. 'गॅरुलस' म्हणजे बडबड्या: समोरचा चहा गार झाला तरी ज्याचं बोलणं संपत नाही. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी: जपून खर्च केला तर गल्ला फुगल. 'अमिलिओरेट' म्हणजे सुधारणं: अ-मेला, मेला नाही, सुधारला. खरं तर याचं मूळ लॅटिनमधल्या 'मेलिओर' शब्दात आहे, अर्थ 'अधिक चांगलं'. म्हणजे युक्ती खोटी आणि अर्थ खरा. मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त आपण कुठे खोटं बोललो आहोत हे माहीत असावं.

या पद्धतीवर शास्त्रीय काम झालेलं आहे हे मला बरंच नंतर कळलं. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोन अमेरिकन संशोधकांनी 1975 मध्ये रशियन शब्दांवर प्रयोग केला. 120 शब्द, तीन दिवस. काही विद्यार्थ्यांनी रशियन शब्दासारखा ऐकू येणारा इंग्रजी शब्द घेऊन मनात चित्र तयार केलं, बाकीच्यांनी आपापल्या पद्धतीने पाठांतर केलं. शेवटच्या परीक्षेत पहिल्या गटाला 72 टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला 46 टक्के. त्यांच्या पद्धतीचे दोन टप्पे आहेत: आधी कानाला जुळणारा ओळखीचा शब्द, मग त्या शब्दाला अर्थाशी बांधणारं चित्र. आमच्या घरी दुसरं काय चाललं होतं?

शब्द वाढले तसे ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. कुंदा म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, तिचे पुठ्ठ्याचे तीन रिकामे डबे घेतले आणि त्यांच्यावर लिहिलं: रोज, बुधवार, रविवार. नवा शब्द 'रोज'मध्ये. सलग तीन दिवस बरोबर आला की 'बुधवार'मध्ये, तिथे दोनदा टिकला की 'रविवार'मध्ये. कुठेही चुकला की परत 'रोज'मध्ये. ही कल्पना माझी नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 मध्ये असे कप्पे सुचवले होते. कुंद्याचा वास मात्र पुढे महिनाभर चिठ्ठ्यांना येत होता.

तर अशा पक्क्या केलेल्या शब्दावर ती लाल फुली बसली होती. मी क्लासमध्ये जाऊन उत्तरपत्रिका चुकीची आहे असं ठामपणे सांगितलं. सरांनी प्रश्न परत वाचायला लावला. स्पेलिंग होतं ए-बी-ई-टी. माझा ओसरणारा 'अबेट' ए-बी-ए-टी-ई. हा दुसराच शब्द, गुन्ह्यात साथ देणं या अर्थाचा. मी चिठ्ठीवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवला होता आणि देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब एकच दिसतात. बेटाची युक्ती इतकी पक्की होती की तिने मला स्पेलिंगकडे बघूच दिलं नाही.

त्या दिवशी मला रडू आलं. पाव गुणाचं नव्हतं ते. माझ्या डब्यांमध्ये अशा किती चिठ्ठ्या असतील, या विचाराने आलं.

क्लासमध्ये माझ्या शेजारी बैलहोंगलची एक मुलगी बसायची. घरची कन्नड, मराठी तोडकंमोडकं पण गोड. तिने माझ्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "नोडु, आमच्याकडे हे दोन वेगळे लिहितात." कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, दोन्हींना वेगळी अक्षरं. आकडे मोजताना 'एरडु'मधला ए तोकडा आणि 'एळु'मधला लांब. लहानपणापासून मी दोन आणि सात हे आकडे बाजारात ऐकत आले, बोलत आले, कन्नडच्या तासाला लिहीतही आले, पण इंग्रजीकडे वळताना तो फरक कधी बरोबर घेतला नव्हता. गुन्ह्यात साथ देणारा 'अबेट' एरडुसारखा. ओसरणारा 'अबेट' एळुसारखा.

मग आम्ही दोघींनी एका दुपारी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या उपसल्या. देवनागरीत एकच दिसणाऱ्या जोड्या एकामागून एक निघत गेल्या. लिहायचं पेन आणि दुखणं या अर्थाचं पेन. परीक्षा ती टेस्ट आणि चव ती टेस्ट. ओला तो वेट आणि थांबणं तो वेट. कर्ज ते डेट आणि तारीख ती डेट. मी प्रत्येक चिठ्ठीवर तोकड्या ए साठी दोनचा आकडा आणि लांब ए साठी सातचा आकडा काढत गेले. दोन आणि सात. बाहेरच्या कुणी त्या चिठ्ठ्या पाहिल्या तर त्याला काही बोध होणार नाही.

मीही तिला एक युक्ती दिली. 'बेकन', म्हणजे हाताने खुणावून बोलावणं. कन्नडमध्ये 'बेकू' म्हणजे हवंय. जे बेकू असतं त्याला आपण खुणावतो. तिला फार आवडली, पण लगेच म्हणाली, "बेकू सात आहे, बेकन दोन आहे." तिच्याच भाषेतली युक्ती तिच्याच कानाने तपासली. आम्ही ती ठेवली, वर दोनचा आकडा काढून. बदल्यात तिने 'सक्सिंक्ट' दिला, अर्थ मोजक्या शब्दांत: 'साकू', म्हणजे पुरे. बेळगावात वाढलेल्या कुठल्याही मराठी पोराला बेकू आणि साकू शिकवावे लागत नाहीत. हे दोन शब्द इतकी वर्षं हाताशी होते आणि मी त्यांना कामाला लावलं नव्हतं.

त्यानंतर चिठ्ठीची मांडणी बदलली. वर स्पेलिंग, त्याखाली दोन किंवा सात, मग युक्ती आणि मागच्या बाजूला एक पूर्ण वाक्य. वाक्याची सक्ती 'फ्रूगल'मुळे आली. मी निबंधात स्वस्त बाजाराला 'फ्रूगल मार्केट' लिहिलं होतं. अर्थ येत होता, पण हा शब्द माणसाला, त्याच्या राहणीला किंवा साध्या जेवणाला लावतात, बाजाराला नाही. युक्ती शब्दाच्या दारापर्यंत सोडते. आत काय चालतं ते वाक्यातूनच समजतं.

काही शब्दांना तर युक्ती लागलीच नाही, कारण ते नातलग निघाले. 'इग्नाइट' आणि अग्नी, 'मॉर्टल' आणि मृत्यू, 'डेंटल' आणि दंत. ऐंशीच्या घरातला माणूस 'ऑक्टोजेनेरियन', त्यात आपला अष्ट. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं होतं. आणि 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठी मुंगसावरून गेला असं मानतात, हे कळलं तेव्हा मी आज्जीला उठवून सांगितलं. दुपारची झोप मोडली म्हणून ती आधी रागावली, मग म्हणाली, "मग त्यास्नी इचार, आणि काय काय नेलंय."

पूर्वपरीक्षा पास झाले. मुख्य परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे, म्हणून डबे चालूच आहेत. बैलहोंगलची मैत्रीण तिच्या गावी गेली आहे, दोन आणि सातचे प्रश्न आता फोनवर सोडवतो.

परवा पावसाने दोन दिवस झोडपलं. सकाळी इंग्रजी पेपर वाचत होते, पावसाचा जोर ओसरल्याची बातमी होती आणि त्यात 'अबेटेड' होतं. मी वाचत पुढे गेले. पुढची बातमी अर्धी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बेट आलंच नव्हतं. ना बेट, ना सातचा आकडा. नुसता अर्थ आला होता. मी पेपर खाली ठेवला आणि बाबांबरोबर शेतात किती पाणी आहे ते बघायला गेले.