"मरे कितने?" – कोंबड्यांच्या पायांची तक्रार नोंदवताना

आम्ही राहतो इंदूरला रामबागेत, ब्रॉयलरचं (मांसासाठीच्या कोंबड्यांचं) शेड सिमरोलच्या बाजूला. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, मजूर आणि लिटर (जमिनीवर अंथरलेली भूसी) आपलं. करार वगैरे विनासायास झाला. डोकं फिरलं ते पावसाळ्यातल्या बॅचला.

तिसऱ्या आठवड्यात पक्षी जागचे हलेनात. पाय धुऊन पाहिले, तर तळव्याच्या मधोमध काळी खपली. कारण डोळ्यांना झोंबतच होतं. झड आत येऊ नये म्हणून पडदे वरपर्यंत ओढलेले, त्यामुळे लिटर ओलं आणि अमोनिया कोंडलेला. ओलीनं कातडी मऊ पडते, मग विष्ठेतला अमोनिया ती जाळतो.

कंपनीच्या कार्यालयात गेलो. फॉर्मवर रकाने मरतूक, खाद्य, औषध, तापमान यांचे. लिटरचा नाही, पायांचा तर नाहीच. टेबलामागचे साहेब म्हणाले, "मरे कितने?" मर नेहमीएवढीच होती. "फिर शिकायत किस बात की?" पाण्यातून द्यायला अँटिबायोटिक हातावर ठेवलं. ओल्या जमिनीवर अँटिबायोटिक काय करणार? पुन्हा गेलो, पुन्हा तेच. ठरावीक मर झाल्याशिवाय डॉक्टर पाठवत नाहीत म्हणे! अहो, लंगडा पक्षी मरत नाही, बसून राहतो. खाद्यापर्यंत जात नाही, वजन थांबतं, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) चढतो आणि ग्रोइंग चार्ज (पक्षी वाढवण्याचे कंपनी देते ते पैसे) आमचा कापला जातो. वर ओल्यात बसून ढोपरं आणि छातीही भाजते. खाद्यातल्या सोयापेंडीचं विचारलं (तिच्यात पोटॅशियम भरपूर, पक्षी जास्त पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते), तर "सबको यही जाता है" म्हणून विषय बंद.

शेवटी पायांचं नाव काढणंच सोडलं. पक्षी तोलले आणि कंपनीच्याच तक्त्याशेजारी आमची वजनं लिहून दिली. डॉक्टर लगेच आले! तुमच्यावर ही वेळ आली तर सरळ वजनच दाखवा.

डॉक्टर माणूस चांगला. लिटर मुठीत दाबलं, त्याचा गोळा तसाच राहिला. भुगा व्हायला हवा होता. पापडी धरलेलं लिटर बाहेर काढायला लावलं, वर कोरडी भाताची भूसी टाकली. पडदा वरून फूटभर उघडा ठेवला. लहान जखमा कोरड्यात भरून आल्या, मोठ्या तशाच राहिल्या.

शेजारचे सगळे चुना टाका म्हणत होते. पक्षी आत असताना ओल्या लिटरवर नका टाकू, अमोनिया आणखी उठतो. भूसी मे महिन्यातच भरून झाका, पावसात मिळते ती ओलीच, आणि भावही चढा. निपलचं (पक्षी चोचीनं दाबून पाणी पितात त्या तोटीचं) राहिलंच: पक्षी वाढेल तशी निपलची लाइन वर घ्या. मान ताणून प्यायला हवं, पण पाय जमिनीवर सपाट. लाइन खाली राहिली की अर्धं पाणी लिटरवर.